दोन कानांची पेटी

कीर्तनाला उशिरा जाणाऱ्याचा पूर्वरंग बुडतो, आणि बुडालेला पूर्वरंग बुवा पुन्हा लावीत नाहीत. नभोवाणी आली तेव्हा तिचेही तसेच झाले आणि पुढे दूरचित्रवाणीचेही. ठरल्या वेळी जो यंत्रासमोर बसेल त्याचा कार्यक्रम; इतरांनी तो शेजाऱ्याच्या तोंडून ऐकावा. ही वेळेची सक्ती मोडणारी एक पेटी गेल्या पंचवीसएक वर्षांत अमेरिकेतील घराघरांत जाऊन बसली आहे. मुलाबाळांकडे तिकडे जाऊन आलेल्या आपल्यापैकी कित्येकांनी ती पाहिली असेल. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘डीव्हीआर’ म्हणतात. तिच्याविषयी आम्ही आज बोलतो आहो ते केवळ यंत्राच्या नवलाईपोटी नव्हे. घरी आलेला कार्यक्रम टिपून ठेवण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न तिच्या पोटात दडलेला आहे, म्हणून.

प्रथम तेथील व्यवस्था ध्यानात घेतली पाहिजे. अमेरिकेत प्रक्षेपणाचा परवाना मिळतो तो गावोगावच्या केंद्रांना. एबीसी, सीबीएस, एनबीसी, फॉक्स या देशव्यापी संस्थांचे कार्यक्रम ही स्थानिक केंद्रे दाखवितात. पण त्यांच्या जोडीला गावच्या बातम्या, शाळांच्या सुट्या, वादळाच्या सूचना हेही तीच सांगतात. न्यूयॉर्कच्या माणसाला शिकागोच्या वादळाची सूचना निरुपयोगी. म्हणून तेथे ‘आपल्या गावचे केंद्र’ या शब्दांना वजन आहे.

हे केंद्र घरी पोचण्याच्या वाटांपैकी दोन येथे पाहू. पहिली वाट सरळ हवेतून. केंद्राच्या मनोऱ्यावरून लहरी निघतात आणि घरावरचा अँटेना त्या झेलतो. या वाटेला मासिक वर्गणी नाही. १२ जून २००९ रोजी तेथील पूर्ण शक्तीच्या केंद्रांनी जुने अ‍ॅनालॉग प्रक्षेपण बंद केले; तेव्हापासून ही वाट बहुतांशी अंकांची झाली. सहा मेगाहर्ट्झच्या एका पट्ट्यातून दर सेकंदाला सुमारे १९.३९ मेगाबिट एवढी माहिती वाहते.

दुसरी वाट फार लांबची. गावच्या केंद्राचे चित्र उपग्रह कंपनी उचलते, दाबून लहान करते आणि विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असलेल्या उपग्रहाकडे पाठविते. तेथून ते एका अरुंद किरणझोताने त्याच प्रदेशावर परत सोडतात; घरावरची छत्री ते झेलते. शेजारच्या मनोऱ्यावरचे चित्र आकाशाला वळसा घालून घरात यावे, ही गंमतच म्हणावयाची! परंतु डोंगराआडच्या खेड्यात, जेथे मनोऱ्याच्या लहरी पोचत नाहीत, तेथे हा वळसा वरदान ठरतो. १९९९ च्या कायद्याने उपग्रह कंपन्यांना स्थानिक केंद्रे त्याच गावी परत दाखविण्याची सर्रास मुभा मिळाली. २००२ पासून नियम असा की गावातले एक केंद्र या सवलतीखाली घेतले, तर मागणी करणारी इतर पात्र केंद्रेही घेतली पाहिजेत.

आता पेटीकडे वळू. पेटीत जो भाग एका वेळी एक वाहिनी निवडून ऐकतो त्याला ट्यूनर म्हणतात. तो पेटीचा कान समजावा. जितके कान, तितके निरनिराळे कार्यक्रम एका वेळी टिपता येतात. २००६ च्या सुमारास डिश नेटवर्कने दिलेल्या एका पेटीत उपग्रहाचे दोन कान आणि अँटेनाचा एक कान होता; म्हणजे तीन कार्यक्रम एकाच वेळी टिपले जात. २०१२ साली याच कंपनीने ‘हॉपर’ नावाची पेटी काढली. तिने एक युक्ती केली. चार मोठ्या संस्थांची स्थानिक केंद्रे उपग्रहाच्या एकाच प्रवाहातून येत. म्हणून एकच कान लावून रात्रीच्या मुख्य वेळेचे चारही कार्यक्रम तिला टिपता येत.

टिपणे म्हणजे नवे चित्र काढणे नव्हे. आलेला अंकांचा ओघ जसाच्या तसा तबकडीवर उतरवून ठेवावयाचा, एवढेच. हवेतला संपूर्ण पट्टा तासभर उतरविला तर सुमारे पावणेनऊ गिगाबाइट जागा लागते. उपग्रहाचे चित्र आधीच अधिक दाबलेले असल्याने त्याला पुष्कळच कमी जागा पुरते. पेटी चालते ती वेळापत्रकाच्या आधारावर. रविवारी फुटबॉलचा सामना लांबला की पुढचा कार्यक्रम उशिरा सुरू होतो आणि पेटी मात्र घड्याळ पाहून मध्येच थांबते. म्हणून जाणती मंडळी मुद्रणाची मुदत अर्धा-पाऊण तास वाढवून ठेवतात.

कोणी विचारील, उपग्रहाचा कान असताना अँटेनाचा कान हवा कशाला? दोन घरचा पाहुणा उपाशी अशी आपली म्हण आहे. येथे मात्र दोन घरचा पाहुणाच जेवून उठतो. जोराचा पाऊस आला की उपग्रहाच्या सूक्ष्म लहरी क्षीण होतात, म्हणजे वादळाची सूचना ज्या क्षणी हवी नेमक्या त्याच क्षणी पडदा काळा पडण्याचा संभव! मनोऱ्याच्या लहरींना पावसाची एवढी बाधा होत नाही.

पावसाहून मोठी अडचण कराराची आहे. १९९२ च्या कायद्याने स्थानिक केंद्राला, आपले चित्र दाखविण्यास संमती देण्याचा वा नाकारण्याचा हक्क दिला. मोबदल्यावरून बोलणी फिसकटली की केंद्र उपग्रहावरून नाहीसे होते. जुलै २०१९ मध्ये न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, शिकागो अशा शहरांतील सीबीएसच्या मालकीची केंद्रे डायरेक्टीव्हीवरून सुमारे तीन आठवडे बंद होती. भांडण दोन कंपन्यांचे. उपास घडला वर्गणीदाराला. तथापि मनोरा चालूच होता. ज्यांच्या पेटीला अँटेनाचा कान होता, त्यांचे मुद्रण अखंड राहिले.

हा घरगुती अधिकार सहज मिळालेला नाही. चित्रपटसंस्थांनी सोनी कंपनीच्या बीटामॅक्स यंत्रावर खटला भरला होता. १७ जानेवारी १९८४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला की, सोईच्या वेळी पाहण्यासाठी घरी मुद्रण करणे हा रास्त वापर होय. एका मताने हा हक्क टिकला! पुढे ‘एरिओ’ या कंपनीने चिमुकले अँटेना आपल्या जागेत बसवून ग्राहकांना भाड्याने दिले, तेव्हा २५ जून २०१४ रोजी त्याच न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो उद्योग अमान्य केला. तेव्हा घरचा अँटेना घरचाच असलेला बरा.

या टिपण्याने काय साधते, हे फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स यांनी दाखवून दिले. त्या ग्रंथपाल होत्या. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून २०१२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या घरच्या यंत्रांवर बातम्या टिपीत राहिल्या. सुमारे सत्तर हजार फिती जमल्या. त्या आता इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेकडे आहेत. एका बाईंच्या दिवाणखान्यात साठलेला तो देशाचा दप्तरखानाच होय.

पण आजच्या पेटीत असा दप्तरखाना साठेल काय? उपग्रह कंपनीची पेटी बहुधा भाड्याची असते आणि तिच्यातील मुद्रणाला कुलूप असते. वर्गणी थांबली, पेटी परत गेली, की साठाही गेला. हवेतून टिपलेल्या जुन्या पद्धतीच्या चित्राला असे कुलूप नव्हते. मात्र २०१७ साली तेथील सरकारी आयोगाने प्रक्षेपणाच्या नव्या पद्धतीला मान्यता दिली. तिच्यात कुलपाची सोय आहे, आणि काही केंद्रांनी ती वापरलीही आहे. फुकट येणारे पाणी घागरीत भरण्यास मनाई करण्यासारखेच हे आहे.

आपल्याकडे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा गच्चीवरचा अँटेना ही घराची ओळख होती. पुढे छत्र्या आल्या आणि ते अँटेना उतरले. सोय वाढली, हे खरेच. पण सोय आणि स्वामित्व या दोन गोष्टी भिन्न आहेत. आपण पाहतो ते आपल्यापाशी राहते काय, एवढा प्रश्न प्रत्येकाने आपल्या घरातल्या पेटीला विचारावा. उत्तर पेटी देणार नाही; ते करारनाम्याच्या बारीक अक्षरांत सापडेल.