नऊ मिनिटांची राखण

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचा हंगाम आला की नांदेड-लातूरच्या वर्तमानपत्रांत क्रीडापानाच्या एका कोपऱ्यात खो-खोचे निकाल येऊ लागतात. त्यांची चाल ठरलेली असते. अमुक महाविद्यालयाने तमुक महाविद्यालयावर इतक्या गुणांनी, इतकी मिनिटं राखून मात केली. मग खेळाडूंची नावं आणि नावांपुढे कंसात आकडे. काहींपुढे गडी लिहिलेले असतात, काहींपुढे मिनिटं आणि सेकंद. वाचणाऱ्याची नजर आधी गड्यांवर जाते, कारण गडी टिपणं म्हणजे काहीतरी घडवणं. मिनिटं मिळवणाऱ्याने काय घडवलं? त्याने समोरच्या संघाला काही घडवू दिलं नाही. अशा पराक्रमाची बातमी करणं अवघड, म्हणून तो कंसातच राहतो.

खो-खोच्या भाषेत याला संरक्षण म्हणतात, मैदानावरच्या बोलण्यात पळती. बचाव बहुतेक खेळांत असतो; पण जिथे तो घड्याळाने मोजतात आणि प्रत्येक खेळाडूच्या नावावर सेकंदांसह मांडतात, असे खेळ फार थोडे.

आधी मैदान. २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद. दोन टोकांना साधारण १.२० मीटर उंचीचे दोन खांब, मधोमध त्यांना जोडणारी पाटी आणि पाटीवर आठ चौक. आक्रमण करणाऱ्या संघाचे आठ गडी या चौकांत आळीपाळीने उलटसुलट तोंडं करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. त्याच्यावर बंधनं फार. मधली पाटी त्याला ओलांडता येत नाही. एकदा दिशा धरली की उलट फिरता येत नाही, खांबाला वळसा घातल्यावरच दुसरी बाजू मिळते. गडी निसटताना दिसला, तर बसलेल्याच्या पाठीमागून हात लावून ‘खो’ म्हणायचं आणि त्याला उठवायचं. संरक्षकाला मात्र पाटी कितीही वेळा ओलांडायची मोकळीक आहे. बसलेल्यांना स्पर्श करायचा नाही आणि सीमारेषेबाहेर जायचं नाही, एवढंच पथ्य.

नऊ संरक्षक एकदम उतरत नाहीत. ते तीन-तीनच्या तुकड्यांनी येतात आणि हा क्रम गुणलेखकाकडे आधीच नोंदवलेला असतो. एका तुकडीतला तिसरा गडी बाद झाला, की दुसरा खो पडायच्या आत पुढची तुकडी मैदानात हजर पाहिजे. रेंगाळली, तर गडी न पळताच बाद. नऊच्या नऊ बाद झाले आणि वेळ उरली, तर त्याच क्रमाने पुन्हा पहिली तुकडी. वरिष्ठ गटात असा डाव नऊ मिनिटांचा असतो.

याचा हिशेब साधा आहे. तिन्ही तुकड्यांनी तीन-तीन मिनिटं काढली, की डाव सरला. समोरच्याला फार तर नऊ गुण. एखाद्या तुकडीने पाच मिनिटं काढली, तर पुढच्या दोघींच्या वाट्याला मिळून चारच उरतात. उलट पहिली तुकडी मिनिटभरात मोडली, तर दुसरीवर डोंगर कोसळतो आणि तिसरी घाबरूनच आत येते. त्यामुळे तुकड्या पाडणं हे डोक्याचं काम ठरतं. सगळे चांगले पळणारे पहिल्या तुकडीत घालून वेळ खायची, की प्रत्येक तुकडीत एकेक भरवशाचा ठेवायचा? महाविद्यालयाचे शारीरिक शिक्षण संचालक सामन्याआधी कागदावर जी नावं खालीवर करत बसतात, ती याचसाठी.

नांदेड आणि लातूर ही जोडी क्रीडाक्षेत्रात एका विद्यापीठाने बांधली आहे. १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं, तेव्हा इथली महाविद्यालयंही त्याच्याच छत्राखाली होती. १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं आणि नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हा टापू त्याच्याकडे आला. म्हणजे उदगीरच्या महाविद्यालयाचा मुलगा आणि नांदेडचा मुलगा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत एकमेकांना पळवतात आणि निवड झाली की एकाच विद्यापीठाच्या बनियनमध्ये एका तुकडीत उतरतात. पुढचा जिना ठरलेला: राज्यातल्या विद्यापीठांचा अश्वमेध क्रीडा महोत्सव, पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा, त्यातून अखिल भारतीय.

इथे खो-खो रुजण्याचं एक कारण खिशाशी आहे. दोन खांब, फक्कीची एक पिशवी आणि सपाट जागा, एवढ्यावर हा खेळ चालतो. जागा सपाट करणं मात्र सोपं नाही. गोदावरी-मांजराकाठची काळी माती पावसात पायाला चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर मुरूम, वर बारीक माती, मग रोलर आणि पाण्याचा शिडकावा, असं केलं तरच सूर मारणाऱ्याचे कोपर-गुडघे शाबूत राहतात. ज्या लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे मैदानावर पाणी मारणं हीसुद्धा चैन आहे.

त्याच २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत भारतीय महिला खो-खो संघाने सुवर्णपदक जिंकलं. कर्णधार होती सारिका काळे, शेजारच्या उस्मानाबादची, म्हणजे आजच्या धाराशिवची. १९८२ पर्यंत लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्याचाच भाग होता, तेव्हा तिला परकी मानायचं कारण नाही. २०२० मध्ये सारिकाला अर्जुन पुरस्कार मिळाला. त्याआधीचा खो-खोतला अर्जुन १९९८ चा, शोभा नारायण यांचा. मधली २२ वर्षं या खेळाची पाटी कोरी होती. तिच्यावर पुन्हा अक्षर उमटवलं मराठवाड्यातल्या मुलीने, याचं अप्रूप इथल्या मैदानांवर अजून आहे.

आता प्रत्यक्ष पळतीकडे. बाहेरून पाहणाऱ्याला ती नुसती धावाधाव वाटते, पण तिचे ठरलेले घाट आहेत. पहिला साखळीचा. बसलेल्या गड्यांच्या मधून नागमोडी जायचं. दोन चौकांमधलं अंतर सव्वादोन मीटरच्या आसपास. संरक्षक पाटी ओलांडून पलीकडे गेला, की आक्रमकाला त्या बाजूला तोंड करून बसलेल्याला खो द्यावा लागतो. तो उठेपर्यंत संरक्षक पुढच्या फटीतून परत अलीकडे आलेला असतो. एकेरी साखळीत हे दर गड्याला, दुहेरीत दोन-दोन गडी मागे टाकून. एकेरीत वळणं जास्त आणि दम लवकर तुटतो. दुहेरीत पल्ला लांब, पण आक्रमकाला अंदाज बांधायला वेळ मिळतो. मुरलेला संरक्षक एकेरीतून दुहेरीत कधी शिरला, हे बसलेल्या गड्यांना कळत नाही, आणि उठण्याच्या तयारीत असलेला गडी दोन क्षण चुकतो.

दुसरा घाट गोल खेळाचा, ज्याला बरेच जण रिंग म्हणतात. यात संरक्षक साऱ्या मैदानभर जात नाही. मोजक्या चौकांभोवती वर्तुळं घेतो आणि आक्रमकांना एकामागून एक खो द्यायला लावतो. ज्याचे पाय हलके आणि मान सतत फिरती, त्यालाच हे जमतं. पाठलाग करणारा पाठीशी असताना डोळे ठेवायचे ते बसलेल्यांवर: कोणाची टाच उचलली गेली, कोणाचा तळवा जमिनीला टेकला. पुढचा खो कुठून येणार, हे ती टाच सांगते.

तिसरी जागा खांबाची, आणि ती सर्वांत धोक्याची. आक्रमक एका हाताने खांब धरून शरीर झोकून देतो, तेव्हा त्याचा दुसरा हात कल्पनेपलीकडे लांब पोचतो. खांबावर गडी मारणं हे आक्रमणाचं सौंदर्य मानतात. संरक्षणाचं शहाणपण खांबाजवळून वेळेत निघण्यात आहे. लवकर निघालं तर साखळी अर्धवट राहते, उशिरा निघालं तर संपलं. चांगल्या संरक्षकाचा अर्धा सराव याच एका क्षणाचा असतो.

याशिवाय एक छुपा लाभ. आक्रमक घाईत पाटीला पाय लावतो, दिशा मोडतो, हात लागण्याआधीच ‘खो’ म्हणतो. पंचांची शिट्टी वाजते, त्याला माघारी वळावं लागतं आणि संरक्षकाला दम घ्यायला दोन-चार सेकंद मिळतात. जाणते संरक्षक समोरच्याकडून अशा चुका करवून घेतात. अगदी आवाक्यात आल्यासारखं दाखवायचं, त्याचा तोल पुढे जाऊ द्यायचा, मग खांदा एकीकडे आणि पाय दुसरीकडे. ही हुलकावणी नियमाच्या कुठल्याही पुस्तकातून शिकता येत नाही.

तुकडीतले तिघे एकाच वेळी पळत नाहीत. एकाच्या मागे आक्रमण लागलं, की उरलेले दोघे मैदानाच्या कडांना उभे राहून श्वास जपतात आणि बसलेल्यांना भान सुटू देत नाहीत. पळणारा दमला, की त्याने पाठलाग दुसऱ्याच्या अंगावर आणून सोडायचा आणि दुसऱ्याने तो आपणहून घ्यायचा. ‘घे’ म्हणायला वेळ नसतो, नजरेवर काम चालतं. एकाने स्वतःची मिनिटं वाढवण्यासाठी पाठलाग टाळला, तर त्याच्या नावापुढचा आकडा चांगला दिसतो आणि तुकडी मोडते. गुणपत्रकात हा फरक दिसत नाही. मैदानावर सगळ्यांना दिसतो.

या खेळात संरक्षकाच्या नशिबी बहुतेक वेळा बाद होणंच असतं. नाबाद राहिला तरी अनेकदा तो वेळ संपली म्हणून. प्रश्न फक्त कधी, हा. याउलट अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये बचावाची जी आख्यानं सांगतात, ती वेगळ्या घडणीची असतात. १ जानेवारी १९७९ रोजी न्यू ऑर्लिन्सच्या शुगर बोल सामन्यात पेन स्टेट विद्यापीठाचा संघ अलाबामाच्या गोलरेषेपासून एका यार्डाच्याही आत आला होता. चौथ्या आणि शेवटच्या प्रयत्नात माइक गुमनने रेषेवर उडी घेतली, बॅरी क्राउसने त्याला हवेतच थोपवलं आणि अलाबामाने सामना १४-७ असा जिंकला. तिथे राखायची असते जागा, आणि ती राखली की बचाव पुरा झाला. खो-खोत राखायची असते वेळ. गडी गेला तरी त्याने राखलेली वेळ संघाजवळ उरते.

बचावाच्या या दोन तऱ्हांतलं अंतर सर्वांत कमी होतं ते लघुत्तम आक्रमणात. दोन्ही डावांनंतर गुण समान, जादा डावातही समान, मग प्रत्येक संघाला एकदाच आक्रमण आणि फक्त पहिला गडी मिळेपर्यंतच. ज्याने कमी वेळात गडी टिपला, तो जिंकला. इथे एका तुकडीचे चाळीस-पन्नास सेकंद सगळा निकाल ठरवतात. नऊ मिनिटांच्या डावात नगण्य वाटणारा तेवढा काळ इथे अजिंक्यपद देतो किंवा हिरावतो.

गेल्या काही वर्षांत खेळाचं रूप झपाट्याने पालटलं. १९१४ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने नियम बांधले, १९५९-६० मध्ये विजयवाड्याला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली; त्यानंतर कित्येक दशकं खो-खो मातीतच होता. २०२२ मध्ये अल्टिमेट खो-खो लीग आली, मॅट आली, दूरचित्रवाणी आली. त्या पहिल्या हंगामाचा अंतिम सामना पुण्याच्या बालेवाडीत ओडिशा जगरनॉट्सने तेलुगू योद्धाजवर ४६-४५ असा जिंकला. अखेरच्या सेकंदांत सूरज लांडेच्या सुराने निकाल फिरला. त्याचं कौतुक झालं, रास्तच झालं. पण तो सूर निर्णायक ठरला, कारण समोरच्यांनी जवळजवळ सगळी वेळ राखून आणली होती.

लीगने आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या विश्वचषकाने संरक्षणाला प्रथमच थेट गुण दिले. त्याचं नाव ड्रीम रन. विश्वचषकात तुकडीने तीन मिनिटं काढली की गुण, त्यापुढे दर अर्ध्या मिनिटाला आणखी. महिलांच्या अंतिम सामन्यात नेपाळविरुद्ध शेवटच्या पाळीत चैत्रा बी.च्या तुकडीने पाच मिनिटांहून अधिक वेळ काढून भारताच्या खात्यात पाच गुण घातले. सामना ७८-४० असा संपला. पुरुषांनीही नेपाळला ५४-३६ असं हरवलं. त्या संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर आणि महिलांची कर्णधार प्रियांका इंगळे, दोघंही महाराष्ट्राचे.

ड्रीम रनने संरक्षकाला पडद्यावर आणलं, हे चांगलंच झालं. पण तिची खोट तिच्या अटीतच आहे. तीन मिनिटांच्या आत तुकडी बाद झाली, तर तिची सगळी मेहनत शून्य. दोन मिनिटं पन्नास सेकंद काढणाऱ्या तुकडीला काहीच नाही, आणि तिसऱ्या तुकडीतल्या एखाद्या नवख्या मुलीने शेवटचं मिनिट एकटीने खाऊन काढलं, तरीही काहीच नाही. महाविद्यालयीन खो-खोचं जुनं गुणपत्रक याबाबत जास्त प्रामाणिक आहे. ते थोडंथोडकं काही टाकून देत नाही. वीस सेकंदांत बाद झालेल्याचे वीस सेकंदही त्याच्या नावावर मांडतं. नांदेड-लातूरच्या मैदानांवर मॅट आज ना उद्या येईल, बोनस गुणही येतील. त्यांबरोबर वेळाधिकाऱ्याचा मिनिट-सेकंदांचा तो रकाना जाऊ देऊ नये. निकालाची बातमी करणाऱ्यांनीही कधीतरी गड्यांच्या आधी मिनिटं छापून पाहावीत. सामना कोणी वाचवला, हे तिथेच लिहिलेलं असतं.