पोटरीला कंप, तोल मागे

तोल गेला की आपण पहिला संशय कानावर घेतो. तो अगदीच चुकीचा नाही, अंतर्कर्णातली यंत्रणा लागतेच. पण तोल म्हणजे फक्त कान, हा समज अर्धवट आहे. शांत उभं असताना सर्वात बारीक खबर पायांचे स्नायू देतात. स्नायूच्या आत त्याची लांबी मोजणारे सूक्ष्म संवेदक असतात, त्यांना मसल स्पिंडल म्हणतात. स्नायू जरा ताणला की त्यांचा निरोप मज्जारज्जूकडे निघालाच.

‘सावधान’मधला माणूस निश्चल उभा असतो, हेही तितकंसं खरं नाही. शरीराचं वजन घोट्याच्या थोडं पुढे पडतं. म्हणून पोटऱ्या सतत मागे ओढत असतात आणि माणूस किंचित डुलत राहतो, निरोगी माणूससुद्धा.

आता टाचेच्या वरच्या जाड अकिलिस कंडरेवर छोटं कंपक बांधा, सेकंदाला 80 ते 100 कंपनं, हेलकावा मिलिमीटरभर. माणसाला डोळे मिटायला सांगा. काही क्षणांत तो मागे झुकू लागतो. धरायला कुणी नसेल तर पडतोही. स्वीडनच्या गोरान एकलुंड यांनी 1972 साली या परिणामाचं सविस्तर वर्णन केलं.

पाहणाऱ्याला वाटतं, कंपाने पायातली ताकद गेली. ताकद जागच्या जागी असते, फसतात ते संवेदक. प्रत्येक कंपनाला ते एकेक संदेश सोडतात आणि मेंदू त्याचा अर्थ लावतो की पोटरी ताणली जातेय, म्हणजे आपण पुढे कलतोय. मग तो शरीर मागे घेतो. मुळात नसलेली चूक तो दुरुस्त करत असतो!

यावर शंका येते: कंपामुळे पोटरी आपोआप आखडत असेल आणि तीच मागे खेचत असेल, तर? तशी प्रतिक्षिप्त क्रिया असते खरी, पण तेवढ्याने भागत नाही. माणसाला आधार देऊन हलूच दिलं नाही, तर त्याला आपण पुढे झुकतोय असं वाटतं. मानेचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. मानेच्या मागच्या स्नायूंना कंप दिला की शरीर पुढे जातं, आणि डोकं बाजूला वळवलं तर तोलही नाकाच्या दिशेने वळतो. नुसत्या आखडलेल्या स्नायूला दिशेचा हा हिशेब कसा जमेल?

डोळे उघडले की परिणाम बराच कमी होतो. कंप थांबल्यावर मात्र तोल लगेच पूर्ववत होईलच असं नाही.

जिममधल्या व्हायब्रेशन प्लेटशी याची गल्लत नको. तिथे पायाखालची फळीच हलते, एकट्या पोटरीला वेगळा निरोप जात नाही. त्यामुळे कंपकाचे हे निष्कर्ष दाखवून कुणी प्लेट विकू लागलं, तर पाकीट खिशातच ठेवावं.