यादीतील शब्दांचे कूळ एकच हवे

कर्वेनगर - ‘आय ॲम पंक्च्युअल, हार्डवर्किंग अँड हॅव टीम स्पिरिट’. नोकरीच्या अर्जात हमखास आढळणारे हे इंग्रजी वाक्य. त्यात स्पेलिंगची चूक नाही, अर्थही समजतो. तरीही जाणकार वाचक शेवटी अडखळतो. कंपन्यांच्या मुलाखतींचा हंगाम आला, की पहिली चाळणी अर्जाच्या कागदावरच लागते. तेथे अशी चूक म्हणजे निष्काळजीपणाची खूण ठरू शकते.

यासंबंधीच्या नियमाला इंग्रजीत ‘पॅरलल स्ट्रक्चर’, म्हणजेच समांतर रचना म्हणतात. ‘अँड’ किंवा ‘ऑर’ने जोडलेले घटक एकाच व्याकरणिक रूपाचे असावेत, हे त्याचे सार. नामाबरोबर नाम, विशेषणाबरोबर विशेषण आणि क्रियापदाबरोबर त्याच रूपातील क्रियापद यावे.

पडताळा घेण्याची रीत गणितातील आहे. परिसराला ज्यांचे नाव मिळाले, ते महर्षी धोंडो केशव कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. १८९६ मध्ये सुरू केलेला विधवांसाठीचा आश्रम त्यांनी १९०० मध्ये येथील हिंगण्यास आणला. बीजगणितात सामाईक अवयव कंसाबाहेर काढतात आणि कंसातील प्रत्येक पदाला तो लागू पडतो. वाक्याचेही तसेच. ‘आय ॲम’ हा सामाईक भाग प्रत्येक शब्दाला जोडून पाहावा. ‘आय ॲम पंक्च्युअल’ जुळते. ‘आय ॲम हॅव’ जुळत नाही. ‘हॅव टीम स्पिरिट’ऐवजी ‘कोऑपरेटिव्ह’ हे विशेषण घातले, की वाक्य सुधारते.

मात्र एवढ्याने भागत नाही. ‘आय लाइक रीडिंग, स्विमिंग अँड टू ट्रॅव्हल’ या वाक्यात प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे बरोबर ठरतो, तरी यादी विसंगतच राहते. मराठी भाषकाला ही चूक सहज जाणवत नाही, कारण ‘पोहणे’ हे एकच रूप इंग्रजीतील ‘स्विमिंग’ आणि ‘टू स्विम’ या दोहोंचे काम करते. तेथे ‘ट्रॅव्हलिंग’ हवे.

शब्दयोगी अव्ययांचाही असाच घोटाळा होतो. मराठीत ‘पुणे, नाशिक व सोलापूर येथे’ असे म्हणताना ‘येथे’ शेवटी एकदाच येते. इंग्रजीत ‘इन’ आधी येते. ते आरंभी एकदाच लिहावे किंवा तिन्ही नावांपूर्वी. पहिल्या व तिसऱ्या नावापूर्वी लिहून मधले सोडू नये.

या शिस्तीचा उत्तम नमुना म्हणजे राज्यघटनेची इंग्रजी उद्देशिका. न्याय, स्वातंत्र्य व समता ही तीन नामे ‘टू सिक्युअर’ या एका क्रियापदाखाली येतात. बंधुतेसाठी ‘टू प्रमोट’ हे निराळे क्रियापद योजले आहे, पण तेही ‘टू’चेच रूप घेऊन. न्यायाची निश्चिती करायची आणि बंधुता वाढवायची, हा अर्थभेद त्यामुळे रचना न बिघडवता व्यक्त होतो. अर्ज पाठविण्यापूर्वी त्यातील प्रत्येक यादी एकदा मोठ्याने वाचावी. कूळ बदललेला शब्द बहुधा कानालाच खटकतो.