धातूंचे सूक्ष्म अणुपुंज आणि हायड्रोजन : अभिक्रियेतील तापमानाची भूमिका

प्रस्तावना :
हायड्रोजनच्या रेणूतील बंध तोडण्यास प्रति मोल सुमारे ४३६ किलोज्यूल ऊर्जा लागते. खाद्यतेलापासून वनस्पती तूप तयार करताना निकेल हा उत्प्रेरक हेच कार्य सुलभ करतो. पाठ्यपुस्तकांत हे विवेचन करताना धातूचा पृष्ठभाग अखंड व सपाट मानला जातो. प्रत्यक्षात अनेक उत्प्रेरकांतील धातू अतिसूक्ष्म कणांच्या रूपात असतो. काही मोजक्या अणूंपासून काही डझन अणूंपर्यंतच्या समूहास अणुपुंज किंवा क्लस्टर म्हणतात. अशा पुंजांच्या हायड्रोजनशी होणाऱ्या अभिक्रियेवर तापमानाचा कोणता परिणाम होतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

आकारमानाचा प्रभाव :
लेझरच्या साहाय्याने धातूचे बाष्प करून ते हेलियमच्या प्रवाहात थंड केले असता पुंज तयार होतात. हे पुंज हायड्रोजन किंवा त्याचे जड समस्थानिक ड्युटेरियम असलेल्या नळीतून नेले जातात आणि कोणत्या आकाराचे किती पुंज अभिक्रियेविना उरले, हे मास स्पेक्ट्रोमीटरने मोजले जाते. अमेरिकेतील राइस विद्यापीठात रिचर्ड स्मॉली व सहकाऱ्यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निओबियम व कोबाल्ट यांच्या पुंजांची क्रियाशीलता अणुसंख्येनुसार तीव्रपणे बदलताना आढळली. निओबियमचे ८ व १० अणूंचे पुंज शेजारच्या पुंजांच्या तुलनेत जवळजवळ निष्क्रिय होते. तांब्याच्या पुंजांची अभिक्रिया तर आढळलीच नाही. त्याच वर्षी एक्सॉन कंपनीच्या प्रयोगशाळेतील संशोधकांनी लोहपुंजांची क्रियाशीलता व त्यांची आयनीकरण ऊर्जा यांतील संबंध दाखविला. ज्या पुंजातून इलेक्ट्रॉन सहज निघतो, तो हायड्रोजनचा बंध सैल करणाऱ्या रिकाम्या कक्षकास इलेक्ट्रॉन अधिक सुलभतेने देऊ शकतो.

तापमानाची दुहेरी भूमिका :
एखादा पुंज अभिक्रिया करीत नाही, याची दोन भिन्न कारणे संभवतात.

१) सक्रियण ऊर्जा अधिक असणे : समजा, हा अडथळा ०.५ इलेक्ट्रॉन व्होल्टचा आहे. तापमान ३०० वरून ६०० केल्विन केल्यास बोल्ट्झमन घटक सुमारे १६ हजार पटींनी वाढतो. म्हणजेच कक्ष तापमानाला निष्क्रिय वाटणारा पुंज तापविल्यावर क्रियाशील ठरू शकतो.

२) बंधन दुर्बल असणे : येथे परिणाम उलट होतो. वायुरूप हायड्रोजनची एन्ट्रॉपी २९८ केल्विन व १ बार दाबाला प्रति मोल प्रति केल्विन सुमारे १३१ ज्यूल असते. पुंजावर अधिशोषण होताना तिचा मोठा भाग नाहीसा होतो. त्याची भरपाई होण्यासाठी कक्ष तापमानाला प्रति मोल सुमारे ३९ किलोज्यूल उष्णता मुक्त व्हावी लागते. तापमान वाढते तशी ही मर्यादाही वाढते आणि हायड्रोजन पुंजावरून निघून जातो.

लहान पुंजांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. अभिक्रियेत मुक्त झालेली उष्णता पुंजाच्या मोजक्या कंपनांमध्येच साठते. हेलियमच्या अणूंशी टक्कर होऊन ती वेळीच बाहेर पडली नाही, तर हायड्रोजन पुन्हा सुटतो. पुंज मुळातच तप्त असेल, तर ही शक्यता वाढते. त्यामुळे अडथळा नसलेल्या अभिक्रियेचा वेग तापमानाबरोबर घटू शकतो.

निष्कर्ष :
एकाच तापमानावरील मापनातून या दोन कारणांतील भेद स्पष्ट होत नाही. दोन्ही बाबतींत मास स्पेक्ट्रोमीटर पुंज अभिक्रियेविना उरल्याचेच दाखवितो. तापविल्यावर अभिक्रिया वाढली, तर कारण अडथळ्यात शोधावे; थंड केल्यावर वाढली, तर ते बंधनाच्या दुर्बलतेत शोधावे. हा भेद व्यवहारातही महत्त्वाचा आहे. उत्प्रेरकाने बंध तोडणे आवश्यक असले, तरी तुटलेले अणू त्याने कायमचे धरून ठेवता कामा नयेत; हायड्रोजन साठविणाऱ्या पदार्थाकडून तर तो घेणे व परत देणे या दोन्हींची अपेक्षा असते. म्हणून धातूची क्रियाशीलता सांगताना धातूच्या नावासोबत अणुसंख्या व तापमान यांचा निर्देश करणे अगत्याचे ठरते. अध्यापनातही ‘अमुक धातू क्रियाशील आहे’ हे विधान या दोन अटींसह मांडल्यास विद्यार्थ्यांना अभिक्रियेचा वेग व समतोल यांतील फरक अधिक स्पष्ट होईल.