बशी उलटी करून पाहताना

बंगळुरू म्हटले की संगणक कंपन्या, लालबाग आणि फिल्टर कॉफी यांची आठवण होते. जुन्या चिनी आणि जपानी भांड्यांचा या शहराशी काही संबंध असेल, असे मलाही वाटले नव्हते. बदलीच्या निमित्ताने येथे पाच वर्षे राहण्याचा योग आला आणि रविवारची सकाळ बाजारात घालविण्याची सवय जडली. त्या सवयीने आनंद पुष्कळ दिला, पण सुरुवात मात्र फटक्यानेच झाली.

पहिल्याच वर्षी एका दुकानात निळ्या नक्षीचा, झाकणाचा एक देखणा कुंभ दिसला. तळाशी सहा चिनी अक्षरे होती. ‘मिंग काळातला आहे, साहेब,’ असे विक्रेत्याने सांगितले आणि मी अकरा हजार रुपये मोजून तो घरी आणला. दोन महिन्यांनी एका जाणकार स्नेह्याने त्यावर भिंग धरले. निळी वेलबुट्टी कुंचल्याने काढलेली नव्हती. ती बारीक ठिपक्यांची, छापील होती. तळाचा पिंगट, ‘प्राचीन’ रंग कोमट पाण्याने निघून आला. तो बहुधा चहाचा असावा!

ज्या शाखेत मी सोनेतारण कर्जाचे अर्ज पाहत होतो, तेथे सराफाने कस लावून वजन केल्याशिवाय एक गुंजही आम्ही स्वीकारत नसू. घराबाहेर पडल्यावर मात्र मी केवळ शब्दावर विश्वास ठेवला. चिनीमातीला कसोटीचा दगड नसतो, ही अडचण खरी. तथापि तिला तळ असतो, आणि वाचता आला तर तो पुष्कळ काही सांगतो.

अस्सल पोर्सेलीन म्हणजे केओलिन नावाची पांढरी माती आणि चिनी दगडाची भुकटी यांचे मिश्रण, सुमारे तेराशे अंश सेल्सियसला भाजलेले. केओलिन हे नावच चीनमधील जिंगदेझेनजवळच्या गाओलिंग या ठिकाणावरून आले. इतक्या उष्णतेत माती काचेसारखी एकजीव होते. म्हणून पातळ बशी उजेडासमोर धरली तर बोटांची सावली दिसते आणि टिचकी मारली तर स्वच्छ नाद येतो. आपल्या लोणच्याच्या बरण्या या वर्गात मोडत नाहीत. त्या जाड दगडी मातीच्या. उत्तरेत बरणीला ‘मर्तबान’ म्हणतात, तो शब्द ब्रह्मदेशातील मर्तबान बंदराचा. बरणीसारखी साधी वस्तूही समुद्रमार्गाने आपल्या भाषेपर्यंत पोहोचली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

मग हा माल बंगळुरूत आला कोठून? जुनी पेठ १६३८ नंतर शहाजीराजांच्या जहागिरीत होती, हे मराठी वाचकांना ठाऊकच आहे. परंतु चिनीमातीच्या भांड्यांची कथा प्रामुख्याने १८०९ मध्ये वसलेल्या लष्करी छावणीची आहे. फ्रेझर टाउन, रिचर्ड्स टाउन, व्हाइटफील्ड येथील बंगल्यांतून इंग्रज अधिकारी आणि अँग्लो-इंडियन कुटुंबे राहत. १९४७ नंतर त्यांतील अनेकजण इंग्लंड-ऑस्ट्रेलियाला गेले आणि जाताना घरातील सामान लिलावात किंवा जुन्या बाजारात विकून गेले. दुसरा ओघ तमिळनाडूतील चेट्टिनाडचा. ब्रह्मदेश आणि मलायात सावकारी व व्यापार केलेल्या तेथील श्रीमंत घराण्यांचे वाडे जसजसे रिकामे झाले, तसतसे त्यांतील सामान कारैकुडीच्या बाजारात आले आणि तेथून दक्षिणेतील शहरांत पसरले.

खुद्द बंगळुरूतही पोर्सेलीन बनले, हे पुष्कळांना माहीत नसते. दिवाण सर मिर्झा इस्माईल यांच्या कारकिर्दीत, १९३०च्या दशकात, म्हैसूर संस्थानाने येथे पोर्सेलीनचा कारखाना काढला. पुढे तो ‘भेल’कडे गेला. त्यातून निघत ते प्रामुख्याने विजेच्या तारांचे निरोधक. तेव्हा बंगळुरूचे स्वतःचे पोर्सेलीन पाहायचे असल्यास मान वर करून विजेच्या खांबाकडे पाहावे.

शोधासाठी दोन ठिकाणे माझ्या आवडीची. पहिले शिवाजीनगर. रसेल मार्केटची इमारत १९२७ची आहे. तिच्या आसपासच्या गल्ल्यांतील जुन्या सामानाच्या दुकानांत सावकाश, दुपारच्या निवांत वेळी जावे. दुसरे म्हणजे चिकपेटजवळ बी. व्ही. के. अय्यंगार रस्त्यावर भरणारा रविवारचा बाजार. तेथे मात्र उजाडताच पोहोचावे लागते. पथारीवर पंख्याची पाती, तुटके कॅमेरे, कुलपे आणि त्यांच्यात एखादी धुळकट बशी. ती उचलावी आणि प्रथम उलटी करावी.

तळाची कड, जिच्यावर भांडे टेकते, तिथे बहुधा झिलई नसते. तेथील माती बोटाला कशी लागते ते पाहावे. शंभर वर्षे वापरलेल्या भांड्यावरील ओरखडे वेडेवाकडे, कमीअधिक असतात. घासकागदाने पाडलेले एकाच दिशेने जातात. यानंतर अक्षरे. माझ्या कुंभावरील सहा अक्षरांचा अर्थ ‘थोर मिंग घराण्याच्या चेंगहुआ काळात बनविलेले’ असा होता आणि त्यावरच मी भाळलो होतो. वस्तुतः जुन्या राजवटीचे नाव घालण्याची प्रथा चीनमध्येच पूर्वापार आहे. कांगशी सम्राटाच्या काळात, १६७७ मध्ये, जिंगदेझेनच्या अधिकाऱ्याने विद्यमान सम्राटाचे नाव भांड्यांवर घालण्यास मनाई केली. भांडे फुटून उकिरड्यावर गेले तर नावाचा अवमान होईल, ही भीती. कुंभार मग मिंग सम्राटांची नावे घालू लागले. काहींचा हेतू पूर्वजांविषयीचा आदर, काहींचा शुद्ध फसवणूक. म्हणून चिनी शिक्का हा जन्मदाखला समजू नये.

रोमन अक्षरे त्या मानाने अधिक प्रामाणिक. अमेरिकेने १८९० मध्ये केलेल्या जकातविषयक कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव बंधनकारक झाले. त्यामुळे तळाशी ‘चायना’ असे रोमन अक्षरांत असल्यास ती वस्तू साधारणतः १८९१ नंतरची. ‘निप्पॉन’ हा शब्द १८९१ ते १९२१ या काळातील जपानी मालावर आढळतो. नंतर त्याची जागा ‘जपान’ने घेतली. ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ असे लिहिलेले दिसले तर तो माल दुसऱ्या महायुद्धानंतरच्या, १९५२ पर्यंतच्या परकीय ताब्याच्या काळातला. आणि विलो वृक्ष, पूल व दोन पक्षी असलेली निळी बशी हाती आली तर ती चिनी समजून आनंदू नये. ती नक्षी अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये जन्मली.

कोणी विचारील, एवढे करून मिंग सापडते काय? मला सापडले नाही. सापडतात ती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील जपानी चहाची भांडी, कान तुटलेल्या किटल्या, पितळी टाचांनी सांधलेल्या बश्या. बाजारभावाने त्यांची किंमत थोडी असते. गुंतवणूक म्हणून त्यांच्याकडे पाहू नये. पैसा वाढविण्याचे अधिक सुरक्षित मार्ग या मासिकाच्या वाचकांना सांगावयास नकोत. डोळा तयार करायचा असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील टाटा संग्रह किंवा हैदराबादचे सालारजंग संग्रहालय पाहावे. तेथे अस्सल वस्तू फुकटात नव्हे, तिकिटाच्या पैशांत पाहता येते. माझ्या अकरा हजारांहून ते स्वस्त पडले असते.

एक सूचना विशेषतः ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांच्यासाठी. १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, मग ती मूळची चिनी का असेना. प्रेमाने मुलीसाठी नेलेली आजीची बशी विमानतळावर अडचण उभी करू शकते. शंका असल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती वस्तू पुरावशेष नसल्याचा दाखला आधी घ्यावा. घेतलेल्या प्रत्येक वस्तूची पावती जपावी आणि जुन्या रंगीत भांड्यात आंबट पदार्थ ठेवू नयेत. त्या रंगांत शिसे असण्याचा संभव असतो.

आता माझ्या शोधाचे कारण. युद्धानंतर, १९४६-४७ मध्ये, जपानमधील ताबा-सेनेत भारतीय पलटणीही होत्या. पुढे सरसेनापती झालेल्या थिमय्या यांच्या ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान होते. बेळगावच्या आमच्या आजोळी आईचे चुलते त्यांतलेच. त्यांनी आणलेल्या कपांपैकी दोन मी लहानपणी पाहिले होते. रिकामा कप उजेडाकडे धरला की तळाशी एका जपानी स्त्रीचा चेहरा उमटे. माती कोठे जाड, कोठे पातळ ठेवून साधलेली ही करामत मूळची युरोपातील, हे मला फार पुढे कळले. तेव्हा आम्हा मुलांना ती जादूच वाटे. सत्तरच्या दशकात स्टीलची भांडी आली, घराला रंग लागला आणि ते कप भंगारवाल्याच्या हातगाडीवर गेले. आई पुढे कित्येकदा त्यांच्याविषयी बोलली.

बदलीचा हुकूम हाती असताना, शेवटच्या आधीच्या रविवारी, तसाच एक कप अय्यंगार रस्त्यावर दिसला. राखाडी, बाहेरून उठावाचा ड्रॅगन. उलटा केला. तांबड्या अक्षरांत ‘जपान’. टिचकी मारली तर आवाज बद्द आला. कानाजवळ केसाएवढी चीर होती. हे सारे पाहून, समजून, मी तो सूर्याकडे धरला. चेहरा दिसला. विक्रेत्याने तीनशे सांगितले, दोनशेला दिला. बशी आहे का, असे विचारता म्हणाला, ‘पुढच्या रविवारी या, साहेब, शोधून ठेवतो.’

पुढच्या रविवारी सहा वाजता गेलो. बशी मिळाली नव्हती.