आकारणी दिसली, परतावा दिसला नाही

३० एप्रिल २०२४ ची दुपार. ओटाव्यातली संसदेची मुख्य इमारत दुरुस्तीला काढल्यामुळे कॅनडाचं हाऊस ऑफ कॉमन्स २०१९ पासून शेजारच्या वेस्ट ब्लॉकच्या अंगणात, काचेच्या छपराखाली भरतं. प्रश्नोत्तरांची वेळ होती. विरोधी पक्षनेते पियेर पोलिएव्ह यांनी पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांना ‘वॅको’, म्हणजे माथेफिरू, म्हटलं. सभापती ग्रेग फर्गस यांनी शब्द मागे घ्यायला सांगितलं. त्याऐवजी ‘एक्स्ट्रीमिस्ट’ घाला, नाहीतर ‘रॅडिकल’ घाला, असं पोलिएव्ह सुचवत राहिले. मागे घेतो एवढं मात्र म्हणेनात. सभापतींनी त्यांना दिवसभरासाठी सभागृहाबाहेर काढलं आणि त्यांच्यामागून कॉन्झर्व्हेटिव्ह खासदारही उठून गेले.

वाद होता ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या एका प्रयोगाचा. तिथे जानेवारी २०२३ च्या अखेरीपासून अडीच ग्रॅमपर्यंत अमली पदार्थ जवळ बाळगणं गुन्हा मानलं जात नव्हतं. सार्वजनिक सुरक्षेचं वाटोळं झालं, हा विरोधकांचा आरोप. सरकार पक्षाचं उलट बोट पोलिएव्ह यांच्या अलीकडच्याच एका भेटीकडे होतं. कार्बन कराविरुद्ध रस्त्याकडेला तळ ठोकून बसलेल्यांना ते भेटून आले होते आणि त्या तळावर कडव्या उजव्या गटांच्या खुणा होत्या. कार्बनची किंमत, द्वेष आणि सुरक्षा हे तीन विषय त्या दुपारी एकाच भांडणात उतरले. त्यांतला कार्बनचा विषय मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. तिथे सरकारच्या बाजूने साधा हिशेब उभा होता, आणि तरीही सरकार हरलं.

धूर फुकट सोडता येतो म्हणून तो जास्त सोडला जातो. त्याला किंमत लावली की माणूस आणि कारखाना दोघेही हात आखडता घेतात, हा कार्बन आकारणीमागचा विचार. त्याची मुळं बाजारावर विश्वास ठेवणाऱ्या अर्थशास्त्रात आहेत. ब्रिटिश कोलंबियात २००८ साली हा कर आणला तो गॉर्डन कॅम्पबेल यांच्या उजवीकडे झुकणाऱ्या सरकारने. २०२१ च्या निवडणुकीत कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षानेही, एरिन ओ’टूल नेते असताना, आपली स्वतःची कार्बन किंमत जाहीरनाम्यात घातली होती. पुढच्या चार वर्षांत तोच पक्ष ‘अ‍ॅक्स द टॅक्स’, म्हणजे कर तोडा, या तीन शब्दांवर उभा राहिला.

देशव्यापी कायदा झाला २०१८ मध्ये. ज्या प्रांतांची स्वतःची पुरेशी व्यवस्था नव्हती तिथे एप्रिल २०१९ पासून इंधनावर टनामागे २० डॉलर आकारणी सुरू झाली. ती दरवर्षी वाढत एप्रिल २०२४ मध्ये ८० डॉलरवर आली आणि २०३० पर्यंत १७० वर जायची होती. प्रांत न्यायालयात गेले. २५ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी कायदा वैध ठरवला. म्हणजे कायद्याच्या पातळीवर प्रश्न मिटला होता.

आता पैशांचं बघू. टनाला ८० डॉलर म्हणजे पेट्रोलवर लिटरला १७.६ सेंट. ओंटारियोतलं चौघांचं एक घर घ्या. आठवड्याला ५० लिटरची टाकी भरली तर दर वेळी आठ डॉलर ८० सेंट, वर्षाचे सुमारे ४५८. तिकडे घर गॅसवर तापवतात. वर्षाला २,२०० घनमीटर गॅस धरला तर १५.२५ सेंटच्या दराने आणखी ३३५. त्यावर १३ टक्के विक्रीकर, कारण करावरही कर लागत होता, आणि लोकांचा हा राग मला पूर्ण रास्त वाटतो. सगळं मिळून जेमतेम ९०० डॉलर. आणि त्याच वर्षी त्या घराला सरकारकडून परत काय मिळालं? ओंटारियोतल्या चौघांच्या कुटुंबाला १,१२० डॉलर, दर तीन महिन्यांनी २८०. अल्बर्टात १,८००. आकारणीतून जमलेल्या रकमेतला सुमारे ९० टक्के भाग असा घरोघरी परत जात होता. कमी इंधन जाळणाऱ्याला तेवढाच परतावा, जास्त जाळणाऱ्यालाही तेवढाच. म्हणजे बचत करणाऱ्याच्या हातात पैसे उरत.

हे चित्र पूर्ण नाही, हेही सांगायला हवं. मालवाहतूक महागली की भाजी महागते, तो खर्च वरच्या हिशेबात नाही. संसदेच्या अर्थसंकल्प अधिकाऱ्याच्या कार्यालयाने पगार आणि गुंतवणुकीवरचा परिणाम धरून वेगळा हिशेब मांडला होता आणि त्यात सरासरी कुटुंब तोट्यात दिसत होतं. पोलिएव्ह यांच्या प्रत्येक भाषणात तो आकडा असे. पुढे त्याच कार्यालयाने कबूल केलं की त्यात कारखान्यांवरच्या आकारणीचा परिणाम चुकून मिसळला गेला होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुधारित आकडे आले तेव्हा तोटा आधीपेक्षा बराच लहान निघाला. तोपर्यंत जुना आकडा घरोघर पोहोचला होता. दुरुस्ती तिथवर कधीच पोहोचली नाही.

पण सगळा दोष विरोधकांच्या माथी मारता येणार नाही. आकारणी पंपावर, दर आठवड्याला, डोळ्यांसमोर होत होती. परतावा सुरुवातीला आयकराच्या विवरणपत्रात मिसळून येई. २०२२ पासून तो तिमाहीने थेट खात्यात येऊ लागला, पण पासबुकातल्या त्या ओळीवर वेगवेगळ्या बँकांत वेगवेगळी नावं. पैसे कशाचे आले हे खातेदाराला कळू नये, असाच तो प्रकार. ‘क्लायमेट अ‍ॅक्शन इन्सेंटिव्ह पेमेंट’ हे सरकारी नाव बदलून ‘कॅनडा कार्बन रिबेट’ असं समजणारं नाव द्यायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं. पाच वर्षं गेली होती.

आणि मधेच सरकारने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. २६ ऑक्टोबर २०२३ रोजी ट्रुडो यांनी घर तापवायच्या तेलाला तीन वर्षांची सूट दिली. हे तेल मुख्यतः अटलांटिक किनाऱ्यावरच्या प्रांतांत वापरतात. तिथे सत्ताधारी लिबरल पक्षाच्या बऱ्याच जागा होत्या. मैदानी प्रांतांतली घरं गॅसवर तापतात. त्यांना सूट नाही. त्यातच गुडी हचिंग्ज या मंत्रीणबाईंनी, इतर प्रांतांना सूट हवी असेल तर त्यांनी आणखी लिबरल खासदार निवडून द्यावेत, अशा अर्थाचं बोलून दाखवलं. सस्कॅचवान प्रांताने १ जानेवारी २०२४ पासून घरगुती गॅसवरची आकारणी गोळा करणंच थांबवलं. कर सगळ्यांना सारखा आहे, ही त्याची नैतिक बाजू. ती एका पत्रकार परिषदेत गेली.

ऑनलाइन द्वेषाच्या विधेयकाची गोष्ट वेगळ्या वाटेने त्याच जागी येते. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी न्यायमंत्री आरिफ विराणी यांनी सी-६३ हे विधेयक मांडलं. पार्श्वभूमी रक्ताची होती. २९ जानेवारी २०१७ रोजी क्यूबेक शहरातल्या मशिदीत सहा नमाजी मारले गेले. जून २०२१ मध्ये ओंटारियोतल्या लंडन शहरात फिरायला निघालेल्या एका मुस्लीम कुटुंबातल्या चौघांना ट्रकखाली चिरडण्यात आलं. विधेयकाचा पहिला भाग समाजमाध्यमांच्या कंपन्यांसाठी होता. मुलांचं लैंगिक शोषण दाखवणारा मजकूर आणि संमतीविना पसरवलेली खासगी छायाचित्रं २४ तासांत हटवा, मुलांसाठी सुरक्षित रचना करा, नाहीतर जागतिक उलाढालीच्या सहा टक्क्यांपर्यंत दंड. खासगी संदेशांना हात लावलेला नव्हता. एवढाच भाग असता तर त्याला विरोध करणं कोणालाही जड गेलं असतं.

पण त्याच गाठोड्यात फौजदारी कायदाही बांधला होता. वंशसंहाराचं समर्थन करण्याची कमाल शिक्षा पाच वर्षांवरून थेट जन्मठेप. द्वेषातून केलेल्या गुन्ह्यासाठी नवं कलम, तिथेही जन्मठेपेपर्यंत. आणि एखादा माणूस द्वेषाचा गुन्हा करील अशी रास्त भीती असेल, तर गुन्हा घडण्याआधीच त्याच्याकडून न्यायालयाने बंधपत्र घ्यायचं, घरात राहण्याची अटही घालायची. आपल्याकडे ‘चॅप्टर केस’ म्हणतात, त्याच जातीचं हे हत्यार, आणि ते किती सैल हातांनी वापरलं जातं हे आपल्या वाचकाला सांगायला नको. मार्गारेट अ‍ॅटवुड यांच्यासारख्या लेखिकेनेही जाहीर टीका केली. मुलांना वाचवणारी कलमं आणि लेखकांना घाबरवणारी कलमं एकाच मतदानात ढकलायची, हा निर्णय चुकला, असं माझं स्पष्ट मत आहे.

विधेयकाचे दोन तुकडे करू, असं विराणी यांनी जाहीर केलं ते डिसेंबर २०२४ मध्ये. त्याआधीच, सप्टेंबरच्या अखेरीपासून, एका हरित निधीच्या गैरव्यवहाराची कागदपत्रं द्या, या हक्कभंगाच्या वादात सभागृह अडकून पडलं होतं. ६ जानेवारी २०२५ रोजी ट्रुडो यांनी राजीनाम्याचा इरादा जाहीर केला, अधिवेशन संस्थगित झालं आणि सी-६३ निकालात निघालं. २०२१ मधलं द्वेषविरोधी विधेयकही असंच निवडणूक लागून बुडालं होतं.

सुरक्षेचा विषय आपल्या लोकांच्या दाराशी आलेला आहे. भारतात कॉमन्सचं नाव घराघरांत गेलं ते १८ सप्टेंबर २०२३ ला, ट्रुडो यांनी हरदीपसिंग निज्जर यांच्या हत्येवरून सभागृहात भारताकडे बोट दाखवलं तेव्हा. ३ नोव्हेंबर २०२४ रोजी ब्रॅम्प्टनच्या हिंदू सभा मंदिरासमोर मारामाऱ्या झाल्या. ब्रॅम्प्टन आणि सरे इथल्या दक्षिण आशियाई व्यापाऱ्यांना खंडणीचे फोन येतात, दारावर गोळ्या झाडल्या जातात. सप्टेंबर २०२५ मध्ये कॅनडाने बिश्नोई टोळीला दहशतवादी संघटनांच्या यादीत टाकलं. त्याच महिन्यात ट्रुडो यांच्यानंतर आलेल्या नव्या सरकारने सी-९ विधेयक आणलं. प्रार्थनास्थळं, शाळा, सांस्कृतिक केंद्रं यांत जाणाऱ्याला धमकावणं वा अडवणं हा त्यात गुन्हा. जामिनावरून, वाहनचोऱ्यांवरून, बंदुकांवरून वाद चालूच आहेत. प्रश्नाला ३५ सेकंद, उत्तराला ३५ सेकंद, हा तिथला नियम. खंडणीचा फोन आलेल्या दुकानदाराला एवढ्या वेळात काय उत्तर मिळणार?

१४ मार्च २०२५ रोजी पंतप्रधान झालेल्या मार्क कार्नी यांनी पहिल्याच दिवशी घरगुती कार्बन आकारणी शून्यावर आणण्याच्या निर्णयावर सही केली. १ एप्रिलपासून पंपावरचे ते १७.६ सेंट गेले. पोलिएव्ह यांची घोषणा त्यांच्या हातून निसटली. २८ एप्रिलच्या निवडणुकीत तर त्यांनी स्वतःची जागाही गमावली. कारखान्यांवरची आकारणी राहिली आहे, आणि उत्सर्जन घटवण्यात तिचा वाटा घरगुती आकारणीपेक्षा मोठा असल्याचं कॅनेडियन क्लायमेट इन्स्टिट्यूटचा २०२४ चा अभ्यास सांगतो. हा दिलासा खरा आहे. पण परताव्याचा शेवटचा हप्ता एप्रिल २०२५ मध्येच जमा झाला. स्वस्त पेट्रोलसोबत तो हप्ताही बंद झाला.

तुमची लेक, भाचा, शेजारी कोणी ओंटारियोत असेल, तर पुढच्या फोनवर एवढं विचारा: एप्रिल २०२४ पासून वर्षभर दर तीन महिन्यांनी बँकेत सरकारकडून काय येत होतं, आणि ते कशाचं होतं? चौघांचं घर असेल तर उत्तर २८० डॉलर आहे.