गव्हाचा तांबेरा आणि महाबळेश्वरचे संशोधन केंद्र

सावित्री नदीचा उगम महाबळेश्वरास होतो, हे पोलादपूर व महाड तालुक्यांतील प्रत्येक शाळेत शिकविले जाते. परंतु त्याच डोंगरमाथ्यावर गव्हाच्या एका रोगाची जाणूनबुजून जोपासना करणारे केंद्र आहे, ही गोष्ट फारच थोड्या विद्यार्थ्यांच्या कानी पडते. आंबेनळी घाट चढून जाणारे प्रवासी स्ट्रॉबेरी पाहतात, दऱ्या पाहतात आणि परत येतात. गव्हाच्या त्या लहानशा वाफ्यांकडे पाहण्याचे कारण त्यांना कोणी सांगितलेले नसते.

या केंद्राचे नाव गहू गेरवा संशोधन केंद्र असे आहे. ते स्वातंत्र्यापूर्वीपासूनचे असून राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या स्थापनेनंतर, म्हणजे 1968 नंतर, त्या विद्यापीठाकडे आले. गेरवा म्हणजेच तांबेरा. गव्हाच्या पानावर वा काडीवर गेरूच्या रंगाच्या बारीक पुळ्या उठतात, त्या फुटतात आणि त्यांतून लोखंडाच्या गंजासारखी भुकटी बाहेर पडते. ही भुकटी म्हणजे एका बुरशीचे बीजाणू होत. एकेका पुळीतून हजारो बीजाणू निघतात, वाऱ्यावर स्वार होतात आणि दुसऱ्या ओल्या पानावर पडले की काही तासांत रुजतात. काडी पोखरली गेल्याने दाण्यापर्यंत अन्नरस पोहोचत नाही. दाणा सुरकुततो, हलका पडतो. उभे पीक हिरवे दिसत असतानाच शेतकऱ्याची रास निम्मी झालेली असते.

1946-47 च्या हंगामात मध्य हिंदुस्थानात व मुंबई इलाख्याच्या गहू पिकविणाऱ्या भागांत काळ्या तांबेऱ्याची मोठी साथ आली. त्या साथीत सुमारे 20 लाख टन गहू बुडाला, असा अंदाज केला जातो. ते दिवस शिधावाटपाचे होते. बंगालच्या 1943 च्या दुष्काळास पुरती चार वर्षेही लोटली नव्हती. ढगाळ हवेने पीक ‘मारले’, देवाचा कोप झाला, असे त्या वेळी गावोगावी बोलले गेले असल्यास नवल नाही. आणि ढगाळ हवेचा संबंध अगदीच खोटाही नव्हता, कारण ओलावा असल्यावाचून हा बीजाणू रुजत नाही. शेतकऱ्याचे निरीक्षण बरोबर होते, त्याला कारणाची जोड मिळालेली नव्हती.

आता प्रश्न असा की, ज्या कोकणघाटात गव्हाचे पीक नाममात्र, तेथे गव्हाच्या रोगाचे संशोधन कशासाठी? याचे उत्तर आग्र्याचे शास्त्रज्ञ करमचंद मेहता यांच्या संशोधनात सापडते. तांबेऱ्याची बुरशी केवळ जिवंत झाडावरच जगते. मैदानी मुलखात मार्च-एप्रिलमध्ये गहू कापला जातो आणि त्यानंतरच्या कडक उन्हात शेतात राहिलेले बीजाणू मरून जातात. तरीही पुढल्या हिवाळ्यात रोग पुन्हा येतो. तो येतो कोठून? मेहतांनी अनेक वर्षे शोध घेऊन दाखविले की, डोंगरांवरील थंड हवेत हा रोग उन्हाळाभर तग धरतो. तेथे बिगरहंगामी गहू असतो, सांडलेल्या दाण्यांतून उगवलेली रोपे असतात, आणि तेथूनच वाऱ्याबरोबर तो मैदानात उतरतो. दक्षिणेत निलगिरी व पळणीचे डोंगर ही अशी आश्रयस्थाने ठरली. नोव्हेंबरच्या सुमारास बंगालच्या उपसागरावर उठणारी वादळे हे बीजाणू शेकडो कोस उत्तरेकडे आणून पावसाबरोबर खाली सोडतात, हे पुढे इतर भारतीय शास्त्रज्ञांनी स्पष्ट केले.

डोंगर हा रोगाचा आसरा, म्हणून तोच रोगाच्या अभ्यासाची जागा. ही गोष्ट विद्यार्थ्यांस समजावून देण्यास पोलादपूरसारखे सोयीचे ठिकाण नाही. उंची दर 1,000 मीटरांनी वाढली की हवा सरासरीने साडेसहा अंशांनी थंड होते. पोलादपूर सखल भागात आहे, महाबळेश्वर सुमारे 1,370 मीटर उंचीवर. वरची हवा किती अंशांनी थंड असावी, याचे गणित सातवीचा विद्यार्थी फळ्यावर मांडू शकेल. उत्तर आठ ते नऊ अंशांच्या आसपास येते. तेवढ्या फरकामुळे महाबळेश्वरास वर्षातील बराच काळ गव्हाचे रोप आणि त्यावरील तांबेरा अशी दोन्ही जिवंत ठेवता येतात. बाटलीत भरून कपाटात ठेवण्यासारखा हा रोग नव्हे.

केंद्रातील काम बाहेरून पाहणाऱ्यास उलटे वाटते. चांगला शेतकरी रोग हाकलतो, येथे तो बोलावला जातो. देशातील निरनिराळ्या केंद्रांकडून आलेल्या नव्या वाणांच्या ओळी पेरल्या जातात आणि त्यांच्यामध्ये व कडेने रोगास चटकन बळी पडणाऱ्या गव्हाच्या ओळी लावल्या जातात. ‘आग्रा लोकल’ हा या कामी प्रसिद्ध असलेला जुना वाण. बीजाणू पाण्यात कालवून संध्याकाळच्या वेळी रोपांवर फवारतात, म्हणजे रात्रभर पान ओले राहते. मग प्रत्येक वाणाच्या किती भागावर पुळ्या उठल्या आणि त्या किती मोठ्या आहेत, याची नोंद होते. जो वाण अशा दाट रोगातही स्वच्छ राहील, तोच पुढे शेतकऱ्याच्या हाती देण्याचा विचार होतो. परीक्षेत मुद्दाम अवघड प्रश्न घालण्यामागे शिक्षकाचा जो हेतू असतो, तोच येथेही आहे.

मात्र ही परीक्षा एकदा उत्तीर्ण होऊन भागत नाही. नाशिक जिल्ह्यातील निफाडच्या गहू संशोधन केंद्राने केनियातील प्रतिकारक गहू व निफाडचा वाण यांच्या संकरातून ‘केनफड’ नावाचे वाण काढले. नावातच दोन्ही मुलखांची खूण आहे. परंतु बुरशीही स्वस्थ बसत नाही. तिच्यात नव्या जाती उत्पन्न होतात आणि काल प्रतिकारक असलेला वाण आज बळी पडतो. 1998 मध्ये आफ्रिकेतील युगांडात काळ्या तांबेऱ्याची एक नवी जात आढळली. जगभरच्या अनेक गव्हांचे रक्षण करीत असलेला एक गुण तिने निकामी केला. ती भारतात आढळलेली नाही. तरीही भारतीय वाण केनियातील न्योरो या 2,000 मीटरांहून उंच असलेल्या केंद्रावर पाठवून त्यांची परीक्षा घेण्यात आली. ज्या देशाने केनफडला प्रतिकारशक्ती दिली, तेथेच पुढे आपले गहू कसोटीस लागले.

शेतकऱ्याची अडचण येथे सहानुभूतीने पाहिली पाहिजे. ‘लोक-1’ हा वाण गुजरातेतील सणोसरा येथील लोकभारती या ग्रामीण शिक्षणसंस्थेने काढला. टपोरा दाणा, चांगली पोळी आणि लवकर येणारे पीक यांमुळे तो महाराष्ट्रातही घरोघरी पोहोचला. त्यास तांबेरा लागतो, हे ठाऊक असूनही अनेक शेतकरी तो सोडत नाहीत. त्यांस अडाणी म्हणणे सोपे आहे. पण पोळी रोज खावी लागते, साथ मात्र कधीतरी येते. बियाणे बदलण्याचा सल्ला त्या हिशेबास उत्तर देणारा असला तरच पटतो. दरम्यान पेरणी वेळेवर करणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. काळा तांबेरा हंगामात उशिरा वाढतो, त्यामुळे लवकर पक्व होणारे पीक पुष्कळदा त्याच्या तावडीतून सुटते.

शाळेचा या कामाशी संबंध काय, असे कोणी विचारील. अमेरिकेत काळा तांबेरा बार्बेरी नावाच्या झुडपावरही वाढतो. तेथे 1918 पासून ही झुडपे उपटून टाकण्याची मोहीम चालली आणि ती हुडकण्याच्या कामी शाळकरी मुलांना घेतले गेले. झुडूप शोधणाऱ्यांस पदकेही देण्यात आली. भारतातील मैदानी तांबेऱ्यास अशा झुडपाची गरज लागत नाही, म्हणून तीच मोहीम येथे उचलून आणणे व्यर्थ ठरेल.

पोलादपूरच्या शेतात भात, नाचणी व वरी, गहू नाही. तरीही तांबेरा प्रत्यक्ष दाखविता येतो. शाळेच्या किंवा देवळाच्या आवारात चाफ्याचे झाड असल्यास पावसाळ्याच्या उत्तरार्धात त्याच्या जून पानांची खालची बाजू उलटून पाहावी. तेथे बहुधा नारिंगी पुळ्या आढळतात. हा चाफ्याचा तांबेरा. त्याची गव्हास बाधा होत नाही आणि गव्हाच्या तांबेऱ्याची चाफ्यास होत नाही. मुलांनी पानावर बोट फिरवावे, लागलेली पूड पांढऱ्या कागदावर उमटवावी आणि भिंगाखाली पाहावी. नंतर तीच पूड जवळच्या जास्वंदीच्या ओल्या पानावर लावून त्यास दोरा बांधून ठेवावा. पंधरा दिवसांनी त्या पानावर एकही पुळी उठलेली दिसणार नाही. त्याचे कारण मुलांनाच विचारावे.